दूध आणायला लागणारा वेळ

आमच्या वहिनीचं कौतुक करायची वेळ माझ्यावर येईल असं मला दादाच्या लग्नात कुणी सांगितलं असतं, तर त्या माणसाचे केस मी मुद्दाम तिरपे कापले असते. मी केस कापते. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. एक लांब आरसा, दोन खुर्च्या, एक बेसिन आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. नणंदेनं जे काही करायचं असतं ते मी पहिली दोन वर्षं अगदी मन लावून केलं. वहिनीचा चहा पाणचट. वहिनी बोलते ते ऐकायला पंखा बंद करावा लागतो. आणि ऑफिसातून येते तेव्हा बुटांना चिखल. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईच्या बुटांना चिखल लागतोच कसा, यावर मी बरीच डोकेफोड करून घेतली होती.

वहिनी पालिकेच्या उद्यान विभागात आहे. रोपं लावणारी, गवत कापणारी माणसं वेगळी. हिचं काम म्हणजे लोकांना विरंगुळ्यासाठी काय हवंय ते शोधून काढायचं. दर पाच वर्षांनी पालिका एक आराखडा करते. कुठे मैदान, कुठे पोहण्याचा तलाव, कुठे नुसती चार बाकडी आणि सावली. पैसा सगळ्याला पुरत नाही, म्हणून आधी घरोघरी विचारायचं आणि मग ठरवायचं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे 'तुम्ही खेळता का' असं दारोदार विचारत फिरायचा तुला पगार मिळतो?"

"साधारण तसंच," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली. हिच्याशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्क्या मारायच्या. आपलाच हात दुखतो.

तिच्या कामाची गंमत मला कळली ती स्केटिंगच्या रिंगणामुळे. ती नोकरीला लागायच्या आधीच्या आराखड्यात आमच्या भागात एक स्केटिंगचं रिंगण बांधलं होतं. गुळगुळीत फरशी, कडेनं लोखंडी कठडा, आत यायला झोकदार फाटक. आख्ख्या भागात चाकांचे बूट असलेला एक माणूस नव्हता. मग हे खूळ आलं कुठून, म्हणून वहिनीनं जुना फॉर्म काढून पाहिला. 'आपल्याला काय हवे?' या प्रश्नाखाली पर्याय दिले होते आणि त्यात पहिलं नाव स्केटिंगचं होतं. लोकांच्या हातात कागद पडला, गॅसवर काहीतरी उतू जात होतं, त्यांनी पहिल्यावर खूण केली आणि कागद परत देऊन टाकला. आता त्या कठड्यावर लोक चादरी आणि रजया वाळत घालतात. वहिनी हे सांगताना हसली नाही. म्हणाली, "लोकांची चूक नाही. विचारलंच तसं." मी मात्र पोट धरून हसले, आणि मला वाटतं त्या दिवसापासून माझं तिच्याशी जमायला लागलं.

मग मी तिच्या कामात नाक खुपसायला लागले. विचारण्यापेक्षा बघण्यावर तिचा जास्त भरवसा. कुठल्याही मोकळ्या जागेत गेली की आधी खाली बघते. गवत कुठे मेलंय, म्हणजे माणसं कुठून जातात. मग बसायच्या जागा हातानं चाचपते. पायरीचा कुठला कोपरा झिजलाय, कठडा कुठे गुळगुळीत झालाय. पालिकेनं बसवलेल्या बाकावर धूळ आणि शेजारच्या जुन्या पाइपावर कपड्यांनी घासून चकाकी आलेली असली, की ती बाक उचलून पाइपाजवळ न्यायला लावते. दादाबरोबर फिरायला गेली तरी हेच. दादा म्हणतो, मी बायकोला बागेत नेतो आणि ती अर्धा वेळ ओणवी असते. बुटांच्या चिखलाचं कोडं असं सुटलं.

आता आईबद्दल सांगायला हवं. आमच्या आईला बसलेलं माणूस बघवत नाही. 'बसलीयेस काय' हे मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. माझ्या दुकानात नंबर लावून बसलेल्या बायकांच्या पुढ्यात ती शेंगांची पाटी आणून ठेवते, हात रिकामेच आहेत तर एवढ्या सोला म्हणून. आणि बायका निमूट सोलतात. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या माणसांदेखत तिनं खिडक्या पुसायला काढल्या होत्या. पण सगळे आपापल्या घरी गेल्यावर ती गप्प झाली. रागावणंही बंद. मी मुद्दाम भर दुपारी लोळून बघितलं, तरी एक अक्षर बोलली नाही. आई घरात असून नसल्यासारखी होती. ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात.

मग कधीतरी संध्याकाळचं दूध आणायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. दुकान समोरच आहे, माझ्या खिडकीतून त्याची पाटी वाचता येते. एवढ्याशा कामाला तिला तासभर लागायला लागला. परत यायची ती मात्र तावातावानं बोलत. "आई, दूध काय गायीच्या मागे हिंडून आणतेस?" मी विचारायचे. "रांग होती," ती म्हणायची आणि मी खाली पडलेले केस कसे नीट झाडत नाही यावर घसरायची. दुकानात रांग नाही हे मला खिडकीतून दिसत होतं. दूध घेऊन ती घराकडे न येता पंपघराच्या कोपऱ्यावर वळते, हेही दिसत होतं. पण आई पुन्हा मला रागवायला लागली होती, आणि तेवढ्यानं माझा जीव भांड्यात पडला होता. मी चौकशी केली नाही.

गेल्या वर्षी नवा आराखडा करायची वेळ आली. आमच्या भागात मोकळी म्हणावी अशी एकच जागा उरली होती, जुन्या पंपघरामागची. पाणी आता दुसरीकडून येतं, पंप कधीच बंद पडला. मागे थोडं गवत, एक मोठं झाड आणि बसायच्या उंचीची एक दगडी भिंत. बाजाराजवळ गाड्या लावायला जागा नाही, म्हणून ती भिंत पाडून तिथे वाहनतळ करायचा असं नगरसेवकांच्या मनात होतं. मोकळी जागा दुसऱ्या कामाला द्यायची तर लोकांना तिची गरज नाही असं सर्वेक्षणात दिसायला हवं, असा नियम आहे. आणि सर्वेक्षणात नेमकं तेच दिसत होतं.

फॉर्मवर प्रश्न होता, 'फावल्या वेळात आपण काय करता?' पुरुषांनी काही ना काही सांगितलं. बायकांनी, त्यातही उतारवयातल्या बायकांनी, घरामागून घरं एकच उत्तर दिलं: फावला वेळ नाही. आमच्या घरी वहिनीनंच येणं बरं दिसलं नसतं, म्हणून ऑफिसातला दुसरा माणूस आला होता. आई दारातच त्याच्यावर उखडली. "फावला वेळ? मी काय रिकामटेकडी वाटले तुम्हाला?" बिचाऱ्यानं 'नाही' लिहिलं आणि काढता पाय घेतला. मला त्यात काही खटकलं नाही, कारण मीही तेच सांगितलं असतं. आपल्याकडे वेळ आहे असं बाईमाणसानं कबूल करायचं म्हणजे घरातलं काम कुणीतरी दुसरंच करतंय असं सांगितल्यासारखं होतं.

वहिनी त्या दिवसांत जेवताना गप्प गप्प असायची. "सगळा भाग म्हणतोय काही नको," तिनं मला सांगितलं. "आणि ती भिंत वरून आरशासारखी झालीय. कुणीतरी रोज बसतंय तिथे."

"मग संध्याकाळी जाऊन बघ की."

"गेले होते. पालिकेचं जाकीट लांबून दिसलं की उठतात. मी पोचेपर्यंत भिंत रिकामी."

मी आईचं नाव काढणार होते, पण आई तेवढ्यात वाढायला आली आणि मी मूग गिळून बसले.

मग एके दिवशी दूध नासलं. कडक उन्हाचे दिवस होते. आईनं एक पिशवी फोडून गॅसवर ठेवली आणि दूध फाटलं. आईचा पारा चढला. दूधवाल्याला शिव्यांची लाखोली वाहून झाली, आत्ताच्या आत्ता जाऊन त्याला जाब विचारते म्हणाली. वहिनी ओट्याशी उभी होती. तिनं पातेल्यात पाहिलं, मग न फोडलेली दुसरी पिशवी हातात घेतली. दूधवाला समोरच्या दुकानात फ्रीजमधून काढून देतो, आणि पिशवी चांगली कोमट होती. वहिनीनं आईकडे पाहिलं. आईनं गॅसकडे पाहिलं.

"आई, आज रांग मोठी होती का?" वहिनीनं विचारलं.

"होती ना."

"उन्हात उभं राहावं लागलं असेल."

"हो तर."

"मग त्याला नका काही बोलू. मी तुम्हाला एक जाड पिशवी आणून देते, तिच्यात दूध गार राहतं."

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच आणली. आतून चंदेरी, वर झिप असलेली. आणखी एक शब्द बोलली नाही. मी असते तर 'पकडलं, पकडलं' करून घर डोक्यावर घेतलं असतं. हिनं आईला गुपचूप तिथे बसायची सोय करून दिली, आणि आईला वाटलं की सून भोळी आहे.

पुढच्या आठवड्यात वहिनी पुन्हा घरोघरी गेली. साहेबांची परवानगी घेऊनच. साहेब भला माणूस, त्याला फक्त कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागते. या खेपेला विरंगुळा, मनोरंजन, फावला वेळ यांतला एकही शब्द तिनं तोंडातून काढला नाही. एवढंच विचारायची, "घरचं असं कुठलं बाहेरचं काम आहे, ज्याला वाजवीपेक्षा जास्त वेळ लागतो?" आणि बायका बोलत्या झाल्या. दूध आणायला लागतो. पाव आणायला. औषध आणायला. नातीला शाळेतून आणायला. का लागतो, तर रांग असते, सुटे पैसे नसतात, रस्ता ओलांडता येत नाही. प्रत्येकीकडे कारण तयार. वहिनीनं एकीलाही उलटा प्रश्न केला नाही. फक्त सांगितलं की नाव कुठेही येणार नाही. घरी येऊन तिनं जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला, प्रत्येकीचं घर आणि प्रत्येकीचं दुकान मांडलं आणि शहराच्या दुसऱ्या भागांशी ताडून पाहिलं. तिकडे दूध चुटकीसरशी येतं. आमच्याकडे सगळंच उशिरा येतं, आणि उशीर होणाऱ्या सगळ्या वाटा पंपघरावरून जातात.

"वहिनी, तू पोलिसात जायला हवं होतंस," मी म्हणाले. खरं तर मला तिला मिठी मारायची होती, पण आमच्यात तशी पद्धत नाही.

नकाशा झाला, तरी पेच सुटला नव्हता. जागेचा निर्णय जाहीर सुनावणीत व्हायचा होता, आणि तिथे कुणीतरी उठून म्हणायला हवं होतं, की होय, आम्ही तिथे बसतो. लोकांसमोर, स्वतःच्या तोंडानं.

"आईला सांग ना," मी म्हणाले. "ती उभी राहिली की बाकीच्या राहतील."

"नाही."

"अगं, तिची जागा जाईल."

"माहितीये मला." तिनं हातातला कप खाली ठेवला. "मी कधी बसत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं मिरवणं आहे. ते मी त्यांच्याकडून कसं मागू? आणि शब्द दिलाय मी सगळ्यांना."

"दे मग तिथे गाड्या उभ्या करू. आणि आई परत तशी झाली की तुझा शब्द घालू तिला जेवायला."

वहिनीचे डोळे भरले, पण नाही ते नाहीच. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आज तिच्या सगळ्या गोष्टींत मला त्या 'नाही'चा अभिमान सर्वांत जास्त वाटतो.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. मी दुकान बंद ठेवलं. आई नवे बूट घालून आली, सुनेचं भाषण म्हणून. तिच्या तिघी मैत्रिणीही आल्या: निवृत्त शिक्षिका, शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि बेकरीवाल्याची आई. वहिनीनं नकाशा भिंतीवर टाचला आणि नेहमीच्या हळू आवाजात सगळं सांगितलं. या भागात बाहेरच्या कामांना फार वेळ लागतो, त्या वाटा इथून जातात, भिंत वरून अशी अशी झिजली आहे. यावरून जागेची गरज आहे असं आमच्या विभागाचं मत आहे.

आमच्या नगरसेवकांना सगळे 'उद्घाटन' म्हणतात, कारण त्यांना दुसरं काही करताना कुणी पाहिलेलं नाही. ते उभे राहिले. "बाईंनी फार महत्त्वाची अडचण पुढे आणली," ते म्हणाले. "आपल्या माताभगिनींना दुधासाठी तासभर रांगेत उभं राहावं लागतं. हे चालणार नाही. त्याच जागेत आपण दुधाचं दुसरं केंद्र काढू. पुढे दूध, मागे गाड्या." टाळ्या पडल्या.

"प्रश्न रांगेचा नाहीये, साहेब," वहिनी म्हणाली.

"मग कशाचा आहे?"

मागे बसलेला दूधवाला, पोटावर पाय येतोय म्हटल्यावर, ताडकन उठला. "माझ्या दुकानात रांग? कोण म्हणतंय..." आणि त्याची नजर आमच्या ओळीवर गेली. चौघी माना खाली घालून बसल्या होत्या. गड्यानं घसा खाकरला. "असते कधी कधी," म्हणाला आणि खाली बसला. धंद्यावर पाणी सोडून बसला. त्याचे केस मी आता जन्मभर फुकट कापणार आहे.

"तर मग ठरलं," उद्घाटन म्हणाले.

वहिनी माइक हातात धरून तशीच उभी. साऱ्या हॉलकडे बघत होती, फक्त आमच्या ओळीकडे नाही. आईनं मला कोपरानं ढोसलं. "ही माझी ओळख नसल्यासारखं काय करतेय?"

"तुझं नाव यायला नको म्हणून."

"तिला ठाऊक आहे?"

"दूध नासलं तेव्हापासून," मी म्हणाले.

आई मांडीवरच्या पिशवीच्या झिपशी चाळा करत राहिली. ती चंदेरी पिशवी तिनं तिथेही आणली होती, येताना दूध घ्यायचं म्हणून. झिप उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग ती उठली.

"रांग नसते," आई म्हणाली. तिला माइक लागत नाही. "एकही दिवस नव्हती. मी घरी खोटं सांगते. दूध घेते आणि त्या भिंतीवर जाऊन बसते."

"काय करता तिथे?" उद्घाटनांनी विचारलं. खवचटपणे नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"काही नाही. काहीच करत नाही. बसते." "नवरा गेला माझा. घरात बसलं की त्याची खुर्ची दिसते. तिथे बसलं की या तिघी दिसतात. आता रिकामटेकडी म्हणा हवं तर."

मग शिक्षिका उठल्या. "मलाही म्हणा," त्या म्हणाल्या. मग मावशी, मग बेकरीवाल्याची आई. मग मागच्या रांगांतून औषधवाल्या, पाववाल्या, नातीला शाळेतून आणणाऱ्या. कुणी भाषण केलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मी रडत होते आणि पुसायचंही भान नव्हतं. वहिनीनं माइक टेबलावर ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून नकाशाच्या टाचण्या काढायला लागली. एकेक टाचणी काढायला तिला फार वेळ लागत होता.

वाहनतळ झाला तो स्केटिंगच्या रिंगणावर. चादरी वाळत घालणाऱ्यांनी थोडी कुरकुर केली. पंपघरामागे साहेबांना कारंजं आणि रंगीत बाकं हवी होती. वहिनीनं त्यांना दोनदा सांगितलं, की भिंतीला हात लावायचा नाही. एक दिवा, एक पिण्याच्या पाण्याचा नळ आणि गुडघे धरणाऱ्यांसाठी उतारावर एक कठडा, एवढंच झालं. फावल्या वेळाचा प्रश्न फॉर्मवरून गेला.

परवा संध्याकाळी मी एका बाईंचे केस वाळवत होते, तर आई बूट घालून दारात उभी. हात रिकामे.

"पिशवी राहिली," मी म्हणाले.

"राहू दे. मी बसायला चाललेय."

हे वाक्य मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या हातातलं यंत्र तसंच चालू राहिलं आणि त्या बाई कान भाजला म्हणून ओरडल्या. तेवढ्यात वहिनी आली, थकलेली, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. आईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूही चल. गावभर विचारत हिंडतेस, तुला कुणी विचारलंय का कधी?"

"अहो आई, पण दूध आणायचंय."

"ते ही आणेल," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

दोघी कोपऱ्यावर वळल्या. बाईंचे केस झाल्यावर मी दुकानाला कडी लावली, चंदेरी पिशवी घेतली आणि समोर गेले. रांग नव्हती. दूधवाल्यानं लगेच दोन पिशव्या काढून दिल्या. तरी घरी यायला मला बराच वेळ लागला.